जेंटूवर नवा जीसीसी: नुसता बदलायचा की सगळंच पुन्हा बांधायचं?

जेंटू या लिनक्समध्ये पॅकेजेस सहसा सोर्स कोडपासून आपल्याच मशीनवर बांधली जातात, आणि ते काम जीसीसी हा कंपायलर करतो. त्याची प्रत्येक मोठी आवृत्ती स्वतंत्र स्लॉटमध्ये (वेगळ्या कप्प्यात) बसते, त्यामुळे नवा कंपायलर आला तरी जुना जागेवरच राहतो. कंपायलर निवडायच्या जीसीसी-कॉन्फिग या कमांडने यादी काढली की दोन्ही दिसतात आणि चालू असलेल्यापुढे तारका असते. ती तारका नव्यावर नेली, एन्व्ह-अपडेट चालवून शेलची प्रोफाइल फाइल पुन्हा वाचली (म्हणजे नवी सेटिंग्ज लागू होतात) आणि लिबटूल हे लायब्ररी बांधायचं साधन पुन्हा बांधून घेतलं, की पहिला पर्याय संपला. बाकीची पॅकेजेस जशी अपडेट होतील तशी नव्या कंपायलरने बनत जातात. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

दुसरा मार्ग म्हणजे इमर्ज या पॅकेज बसवायच्या कमांडला एम्प्टीट्री हा पर्याय लावून अख्खं वर्ल्ड, म्हणजे मशीनवरची सगळी पॅकेजेस, पुन्हा बांधणं. जुन्या लॅपटॉपवर यात दिवस जातात, पंखा रात्रभर घोंघावतो आणि एखादं पॅकेज मध्येच अडलं की पुन्हा रिझ्यूम. नुसत्या वेगासाठी हे करू नका, फरक क्वचितच जाणवतो.

पण काही वेळा पर्याय नसतो. 2015 साली जीसीसी 5 ने सी++ च्या स्ट्रिंगचा एबीआय (बांधलेले प्रोग्रॅम आणि लायब्ररी एकमेकांशी जुळण्याची पद्धत) बदलला, तेव्हा निदान सी++ लायब्ररींवर अवलंबून असलेली पॅकेजेस तरी नव्याने बांधावी लागली. 2017 मध्ये जेंटूच्या 17.0 प्रोफाइलने (सिस्टिमच्या मूळ सेटिंग्जच्या संचाने) पाय (PIE, प्रोग्रॅम मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चालेल अशी सुरक्षेसाठीची बांधणी) डीफॉल्ट केलं, तेव्हा सगळं वर्ल्डच बांधायला सांगितलं होतं. म्हणून आधी ई-सिलेक्ट या कमांडमधून जेंटूच्या न्यूज (सूचना) वाचा, मग ठरवा.

जुना जीसीसी मात्र लगेच डेपक्लीन करू नका, म्हणजे काढून टाकू नका. कर्नल आणि त्याची बाहेरची (कर्नलसोबत न येणारी) मॉड्यूल्स एकाच, नव्या कंपायलरने बांधून, मशीन रीबूट करून बघा, मगच तो काढा.