खिशातलं हवा मोजायचं यंत्र: आठ महिने, दोन नग, दोन जिने

हे यंत्र मी हौसेने घेतलेलं नाही. इमारतीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही लॅबमध्ये होतात ना, तुम्हाला आकडे कळतात," आणि ते माझ्या गळ्यात पडलं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी ३१ वर्षं काढली. सकाळी कंट्रोल (ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असा नमुना) चालवल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली आहे. हा रिव्ह्यूही त्याच सवयीने लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बहुतेक यंत्रांच्या पोटात एकाच धाटणीचा सेन्सर असतो, त्यामुळे गुणदोषही तेच.

आधी आमची अडचण सांगते. चार मजली इमारत, मागे अरुंद गल्ली, गल्लीपलीकडे गोदाम. पहाटेपासून ट्रक रांग लावतात आणि इंजिन बंद करत नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर पुढच्या बाजूला राहते, त्यामुळे खरं सांगायचं तर मला त्याचा कधी पत्ताच लागला नव्हता. मागच्या बाजूला तळमजल्यावर सहा खोल्या आहेत, सगळे भाडेकरू. भिंतींना ओल, खिडकी एकच आणि तीही गल्लीवर उघडणारी. खोकल्याची तक्रार त्यांचीच होती. आम्ही शेजारच्या दोन इमारती धरून अकरा जण एकत्र आलो आणि तोंडी तक्रार कुणी ऐकत नाही म्हणून यंत्र घ्यायचं ठरलं.

यंत्र तळहातावर मावतं. आत चिमुकला पंखा हवा ओढतो, त्या हवेतून लेझरचा किरण जातो, कणांवर आपटून उजेड विखुरतो आणि बाजूचा सेन्सर तो टिपतो. म्हणजे वजन होतच नाही. कण मोजून वजनाचा अंदाज बांधला जातो आणि तो पडद्यावर 'पीएम २.५' म्हणून येतो, २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी.

पहिली मेख इथेच आहे. ०.३ मायक्रॉनच्या खालचं या लेझरला जवळजवळ दिसत नाही. डिझेलच्या ताज्या धुरातले बहुसंख्य कण त्याहून बारीक. ज्याची तक्रार करायला यंत्र आणलं, त्यातलाच मोठा वाटा त्याच्या नजरेतून निसटतो! धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड तर वायूच, तो मोजायची सोयच यात नाही. उलट हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. हवा मोजायच्या सरकारी केंद्रांवर आत येणारी हवा आधी गरम करून सुकवतात. आमच्या डबीत तसलं काही नाही. एकदा न्हाणीघराबाहेर ठेवलं होतं, आंघोळीची वाफ बाहेर आली आणि पडदा लाल. घरातल्या माणसांनी महिनाभर माझी थट्टा केली. पडद्यावर 'पीएम १०' असाही एक आकडा दिसतो, त्याच्याकडे ढुंकून बघू नका. जाडी धूळ हे सेन्सर नीट पकडत नाहीत, तो आकडा बराचसा बारीक कणांवरून ओढूनताणून काढलेला असतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग घ्यायचं कशाला? तर फरक दाखवायला. खरा आकडा किती, हे या यंत्राला विचारू नये. इथल्यापेक्षा तिथे जास्त आहे का, कालच्यापेक्षा आज जास्त आहे का, हे विचारावं. त्याला ते चांगलं उत्तर देतं. म्हणून एक नग घेऊ नका, दोन घ्या. आम्ही दोन्ही नग आधी तीन दिवस माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक सतत दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवत होतं, म्हणून त्याच्या पाठीवर मार्करने 'चढेल' असं लिहिलं. मग एक पुढच्या जिन्यात, एक मागच्या. दर आठवड्याला जागांची अदलाबदल, म्हणजे 'चढेल'ला एकाच बाजूचा पक्षपात नको.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. पहाटे पाच ते सात या वेळात मागचा जिना पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट. माझा जीव मात्र रविवारच्या आलेखावर आहे. रविवारी गोदाम बंद असतं, आणि त्या दिवशी दोन्ही रेषा पहाटेपासून रात्रीपर्यंत एकमेकींना चिकटून चालतात. लॅबच्या भाषेत तो आमचा कंट्रोल. दमटपणा दोन्हीकडे तोच, यंत्रं तीच, रस्ता तोच. नाहीत ते फक्त ट्रक. हा एक आलेख बाकी वीस कागदांवर भारी पडला.

त्याच्या जोडीला वही. ही कल्पना माझी नाही. लंडनच्या लुइशममधली एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली दम्याने गेली. घर साउथ सर्क्युलर या रहदारीच्या रस्त्यालगत होतं. मृत्यूच्या पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखच नव्हता. पुढे दम्याचे तज्ज्ञ प्रा. स्टीफन होलगेट यांनी तिला दवाखान्यात नेल्याच्या तारखा आणि जवळच्या केंद्रावरच्या प्रदूषणाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. २०१९ मध्ये हायकोर्टाने पहिला निष्कर्ष रद्द केला आणि डिसेंबर २०२० मध्ये नव्या चौकशीत हवेचं प्रदूषण हे मृत्यूच्या कारणांत नोंदलं गेलं. तारखा जपून ठेवल्या होत्या म्हणून हे शक्य झालं. म्हणूनच आमच्या तळमजल्यावर एक दोनशे पानी वही आहे. कुणाला धाप लागली, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती ट्रक उभे होते. अक्षर सहा जणांचं, शाईही सहा रंगांची.

आता ॲपबद्दल, आणि इथे माझा आवाज चढणार आहे. यंत्रापेक्षा ॲप वाईट. एक तर ते दर सेकंदाच्या आकड्याला रंग देतं. हिरवा-पिवळा-लाल हे पट्टे मुळात २४ तासांच्या सरासरीसाठी ठरवलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली मर्यादा बघा: २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वर्षाच्या सरासरीला ५. देशोदेशीचे कायदे त्याहून ढिले. भारताचं मानक अनुक्रमे ६० आणि ४०. सगळ्या सरासऱ्याच. तेव्हा एक मोटारसायकल गेली आणि पडदा लाल झाला याला काडीचा अर्थ नाही, पण लोक त्याचाच फोटो काढून ग्रुपवर टाकतात. तासातासाच्या नोंदींची फाइल मिळते, पण ती सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली दडवून ठेवली आहे.

दुसरा दोष जास्त गंभीर. 'माझे आकडे नकाशावर दाखवा' ही खूण पहिल्यापासूनच चालू असते. मला ते पाच महिने कळलं नाही. पाच महिने आमची इमारत जगातल्या कुणालाही दिसेल अशा नकाशावर लाल ठिपका होऊन बसली होती.

ते कळलं कधी, तर घरमालक त्या ठिपक्याची रंगीत प्रत हातात घेऊन आले तेव्हा. तळमजल्याच्या दारात उभं राहून म्हणाले, "तुमच्याच माणसांनी मोजलंय. या खोल्या राहण्यालायक नाहीत. मग खाली करा, मी दुरुस्ती करून घेतो." दुरुस्तीनंतर परत तुम्हालाच देतो, असं मात्र म्हणाले नाहीत. मी जिन्यात उभी होते. ज्या मावशींच्या खोलीतून यंत्राला वीज घेत होतो (बॅटरी चार तासही टिकत नाही, जिन्यात प्लग नाही), त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

दोष ॲपचा, पण त्याहून जास्त माझा. रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा हे लॅबमध्ये मला पक्कं ठाऊक होतं. पेशंटचा कागद पेशंटला किंवा त्याच्या डॉक्टरला, तिसऱ्याला नाही. इथे सहा घरांच्या हवेचा रिपोर्ट मी त्यांना न विचारता जगापुढे मांडला होता. मोजायच्या आधी तळमजल्यावर बसून एवढंच विचारायला हवं होतं: आकडा वाईट आला तर तुम्हाला काय हवंय आणि काय नको?

ती बैठक आम्ही मग घेतली, उशिरा. मला वाटलं होतं, लोक म्हणतील दुसरीकडे जागा मिळवून द्या. अमेरिकेत लुइझियानातल्या नॉर्को गावी तसं घडलं आहे. रिफायनरीला लागून असलेल्या डायमंड वस्तीतल्या लोकांनी बादलीत पिशवी बसवून हवेचे नमुने गोळा केले, वर्षानुवर्षं भांडले आणि २००२ साली कंपनीला त्यांची घरं विकत घेऊन स्थलांतराची सोय करायला लावली. त्या लढ्यातल्या मार्गी रिचर्ड यांना २००४ चा गोल्डमन हा पर्यावरण पुरस्कार मिळाला. पण तिथून जायचं हे त्यांनी स्वतः मागितलं होतं, आणि घरं त्यांच्या मालकीची होती. आमच्या मावशी म्हणाल्या, "मला कुठेही जायचं नाही. मुलीची शाळा इथे, माझं काम इथे. ट्रकनं जावं."

मागणीचं पत्र त्या वाक्यावर उभं राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने १९९१ साली पुरेशा घराचे सात निकष सांगितले आहेत. राहण्यायोग्यता त्यात आहे, आणि ताबा सुरक्षित असणं, म्हणजे घरातून कुणी हुसकावणार नाही याची हमी, हेही त्याच यादीत आहे. घरमालकांनी पहिला निकष उचलला होता, आम्ही दुसरा शेजारी ठेवला. पत्रात दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात घातल्या, म्हणजे कुणाला अर्धंच कापून नेता येऊ नये.

पत्र घेऊन हवेची मोजणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो, तिथे पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: "हे यंत्र प्रमाणित आहे का?" मी म्हटलं, नाही. साहेब जरा गडबडले, बहुधा वाद घालायच्या तयारीत होते. मी म्हटलं, प्रमाणित यंत्र तुमच्याकडे आहे. ते दहा दिवस आमच्या मागच्या गल्लीत लावा, त्यातले दोन रविवार असू द्या, आणि आमची दोन त्याच्या शेजारी ठेवू द्या. रविवारचा आलेख पुढे सरकवला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला. यंत्र लागलं दोन महिन्यांनी आणि सातच दिवस, पण लागलं. आमचे आकडे त्याच्यापेक्षा वर होते, चढउतार मात्र तेच. हे यंत्र घ्यावं ते याच कामासाठी: खरं यंत्र दारात आणायला.

गोदामाने 'इंजिन बंद ठेवा' अशी पाटी लावली. निम्मे ड्रायव्हर पाळतात. उरलेल्यांवर चिडून मी एकदा पहाटे खाली उतरले, तर एकजण म्हणाला, "ताई, रांग दर पाच मिनिटांनी हात-दोन हात सरकते. मागे राहिलो तर नंबर जातो." त्या दिवसापासून आमची मागणी बदलली आहे: ड्रायव्हरांना दंड नको, गोदामाने प्रत्येक ट्रकला वेळ ठरवून द्यावी. त्यावर अजून उत्तर नाही. घरमालकही पुन्हा खोल्यांचं बोलले नाहीत. तळमजल्यावरचं एक कुटुंब मात्र त्याच महिन्यात निघून गेलं. ठिपक्यामुळे गेलं की भाड्यामुळे, विचारायचा मला धीर झाला नाही.

बारीकसारीक: सहा महिन्यांनी पंख्यात धूळ बसते आणि आकडे घसरतात, फुग्याच्या पंपाने हलकी हवा मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. काही मॉडेलांत 'ईसीओटू' असं दिसतं, तो कार्बन डायऑक्साइड मोजलेला नसतो, दुसऱ्या वायूंवरून बांधलेला अंदाज असतो. त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. रात्री पंख्याचा बारीक आवाज येतो, झोप हलकी असेल तर उशाशी ठेवू नये. एकट्याने घरात ठेवून दिवसभर पडद्याकडे बघणार असाल तर अजिबात घेऊ नका, रक्तदाब वाढेल.

यंत्राला पाचपैकी साडेतीन, ॲपला एक. नकाशाची खूण आता बंद आहे आणि पासवर्ड मावशींच्या मुलीकडे असतो. ती आठवीत आहे, फाइल काढून आलेख करायला तिला माझ्यापेक्षा निम्मा वेळ लागतो. 'चढेल' हे नाव तिने खोडून 'आगाऊ' केलं आहे.