लॉबीतल्या ‘फुकट’ स्क्रीनचा हप्ता

कार्यालयाच्या लॉबीत डिजिटल स्क्रीन फुकट लावून देतो, असं सांगत कुणी तुमच्याकडे आलं, तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हे वाचा. आमच्या कंपनीची यात मोठी फसवणूक झाली आहे. प्रशासनाचं काम माझ्याकडे असल्याने सगळे कागद माझ्या हातून गेले आणि नंतरचा पत्रव्यवहारही मीच केला. त्यामुळे पुढचं काहीच ऐकीव नाही.

आलेला माणूस पूर्ण तयारीनिशी आला होता. लॉबीचे फोटो त्याने आधीच काढून नेले होते आणि त्यावर स्क्रीन बसवल्या तर कसं दिसेल याची चित्रं करून आणली होती. म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे दिवसभर लोक येऊन बसतात. दोन स्क्रीन लावू. निम्मा वेळ तुमचा: पाहुण्यांचं स्वागत, कुठल्या खोलीत कुठली मीटिंग, सुरक्षेच्या सूचना. उरलेला वेळ आमच्या जाहिरातींचा. स्क्रीनचा महिन्याचा हप्ता असेल, पण तेवढी रक्कम जाहिरातींच्या उत्पन्नातून आम्ही दर महिन्याला तुमच्या खात्यात परत टाकू. तुमचा एक पैसाही खर्च नाही.”

आमची गरज खरी होती. रिसेप्शनवरच्या मुलीला दिवसभर तेच ते सांगत बसावं लागायचं, सूचनाफलकावरचे कागद जुने व्हायचे. योजना सगळ्यांनाच पटली.

फसवणूक स्क्रीनमध्ये नव्हती, कागदांत होती. एकाच फाइलमध्ये, एकाच क्लिपखाली दोन करार लावलेले होते. पहिला विक्रेत्याशी: तो जाहिराती आणणार, देखभाल करणार, दर महिन्याला पैसे परत देणार. दुसरा एका फायनान्स कंपनीशी: आम्ही ही उपकरणं पाच वर्षांसाठी भाड्याने घेतो आणि दर महिन्याला हप्ता भरतो. विक्रेत्याने दुसऱ्या कराराला “नुसती औपचारिकता” म्हटलं. दोन्हींवर सह्या एकाच बैठकीत झाल्या, त्यामुळे हा सगळा एकच व्यवहार आहे अशीच सगळ्यांची समजूत राहिली.

कायद्याच्या नजरेत मात्र ते दोन वेगळे व्यवहार होते, दोन वेगळ्या कंपन्यांशी. दुसऱ्या करारात लिहिलं होतं की हप्ता बिनशर्त आहे. उपकरण बंद पडलं, विक्रेत्याने सेवा दिली नाही, अगदी विक्रेता गायब झाला, तरी हप्ता थांबणार नाही. विक्रेत्याने तोंडी किंवा लेखी दिलेलं कुठलंही आश्वासन फायनान्स कंपनीवर बंधनकारक नाही. हप्ता थकला तर पाच वर्षांतली उरलेली सगळी रक्कम एकदम मागण्याचा अधिकार त्यांना आहे. मुदत संपण्यापूर्वी ठरावीक काळात लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप पुढे चालू राहील. आणि शेवटच्या पानावर आमच्या संचालकांची वैयक्तिक हमी. म्हणजे कंपनीकडे पैसे नसले तर त्यांच्या घरादारापर्यंत जाता येईल अशी सोय.

पैसे कसे फिरले तेही सांगते, कारण सगळा डाव तिथेच आहे. फायनान्स कंपनी उपकरणांची पूर्ण किंमत विक्रेत्याला सुरुवातीलाच चुकती करते. ती किंमत ठरवतो विक्रेताच. आमच्या बाबतीत ती बाजारभावाच्या कित्येक पट होती, पण बिल फायनान्स कंपनीच्या नावाने फाडलेलं असल्याने आमच्यापुढे कधी आलंच नाही. आम्हाला दिसायचा फक्त महिन्याचा हप्ता, आणि तो परत मिळणार म्हटल्यावर त्याचा पाच वर्षांचा गुणाकार करण्याचं कारण कुणालाच वाटलं नाही. विक्रेत्याने पूर्ण रक्कम खिशात घातली आणि तिच्यातूनच सुरुवातीचे काही महिने आम्हाला “जाहिरातींचं उत्पन्न” म्हणून हप्त्याएवढे पैसे पाठवले. आमचेच पैसे आमच्याकडे येत होते. मग एका महिन्यात रक्कम अर्धी आली, पुढच्या महिन्यात “बँकेत अडचण आहे” असा निरोप आला, आणि त्यानंतर फोन बंद.

या सगळ्याची किल्ली होती एका छोट्याशा कागदात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. “माल मिळाला, बसवला, व्यवस्थित चालतो आहे” अशा मजकुराचं ते स्वीकृतिपत्र. हे पत्र हाती पडल्यावरच फायनान्स कंपनी विक्रेत्याला पैसे सोडते. आमच्याकडे ते खोकी उतरवून घेताना मालाच्या चलनांच्या गठ्ठ्यात घालून आणलं गेलं आणि रिसेप्शनवर सही घेतली गेली. त्या वेळी स्क्रीन खोक्यातच होत्या. भिंतीवर त्या बऱ्याच नंतर लागल्या. पुढे आम्ही तक्रार केली तेव्हा फायनान्स कंपनीने सगळ्यात आधी हाच कागद पुढे केला: तुम्हीच लिहून दिलं आहे की सगळं उत्तम चालतं. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नाही. आलेल्या मालाच्या चलनावर सही करणं हे तिचं रोजचं काम आहे आणि विक्रेत्याला ते नेमकं ठाऊक होतं.

हा डाव नवा नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत नॉरव्हर्जन्स नावाची कंपनी टेलिफोन आणि इंटरनेट सेवा स्वस्तात देण्याचं आश्वासन देऊन छोट्या व्यावसायिकांना ‘मॅट्रिक्स’ नावाची एक पेटी वर्षानुवर्षांच्या भाडेकरारावर घ्यायला लावायची आणि ते करार फायनान्स कंपन्यांना विकून टाकायची. २००४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, सेवा बंद पडली, पण पेटीचे हप्ते मागणं सुरूच राहिलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या व्यापाराला आळा घालणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीविरुद्ध कोर्टात धाव घेतली, अनेक राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी (सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) फायनान्स कंपन्यांशी तडजोडी केल्या आणि ग्राहकांची बरीच थकबाकी माफ करून घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. करारात “बिनशर्त” लिहिलं म्हणजे सगळे मार्ग बंद झाले, असं समजून हातपाय गाळू नका. मात्र व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला सामान्य ग्राहकाइतकं संरक्षण अनेक देशांच्या कायद्यांत मिळत नाही, म्हणून वकील लवकर गाठा.

आता मालाबद्दल. करारात “व्यावसायिक दर्जाचे डिस्प्ले” असं लिहिलेलं होतं. स्क्रीन काळ्या पडू लागल्यावर आमच्या आयटीतल्या सहकाऱ्याने एक स्क्रीन भिंतीवरून उतरवली, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकला, आणि तो घरगुती टीव्हीच्या यादीत निघाला. फरक नुसता नावाचा नाही. घरचा टीव्ही साधारण २५० ते ३५० निट्स (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेडाचा असतो आणि दिवसाचे काही तास चालेल अशा बेताने बनवतात. लॉबीसाठीचे डिस्प्ले रोज १६ किंवा २४ तास चालवण्यासाठी बनवलेले असतात, काचेच्या दर्शनी भागातून ऊन येत असेल तर ५०० ते ७०० निट्स लागतात, आणि काचेतून बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून लावायची स्क्रीन तर २,५०० निट्सच्या आसपास किंवा वर असावी लागते. आमच्या दोन्ही स्क्रीन उभ्या लावल्या होत्या. घरगुती टीव्ही आडवा राहील असं धरूनच त्यातली उष्णता बाहेर पडण्याची व्यवस्था केलेली असते. उभा करून दिवसभर चालवला की पॅनेल तापतं. आणखी एक गोष्ट: घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बहुतेक वेळा वगळलेला असतो. म्हणजे बसवल्या दिवसापासून आमच्या स्क्रीनला वॉरंटीच नव्हती.

स्क्रीनच्या मागे चिकटवलेला अँड्रॉइड बॉक्स, म्हणजे पडद्यावर मजकूर चालवणारा प्लेअर, तर त्याहून काळजीचा. कुठल्याही नामांकित कंपनीचं चिन्ह त्यावर नव्हतं, आणि तो आमच्या कार्यालयाच्या मुख्य नेटवर्कला जोडलेला होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल जाहीर इशारा दिला होता: अशा स्वस्त, प्रमाणित नसलेल्या अँड्रॉइड उपकरणांमध्ये कधी विकण्यापूर्वीच, तर कधी सुरुवातीला ॲप उतरवताना घातक सॉफ्टवेअर शिरतं आणि मग ते नेटवर्क गुन्हेगारांना परस्पर वापरता येतं. पगाराच्या फाइली ज्या नेटवर्कवर आहेत, त्यावर लॉबीतला बॉक्स कशाला हवा? कुणाकडूनही स्क्रीन घ्या, तिचा प्लेअर वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

जाहिरातदारांचं काय झालं, हे आम्हाला अपघातानेच कळलं. एक गृहस्थ लॉबीत येऊन रिसेप्शनवर चौकशी करू लागले की आमची जाहिरात इथे कुठे दिसते. त्यांच्या हातात विक्रेत्याने दिलेला छापील अहवाल होता, आमच्या लॉबीत त्यांची जाहिरात दिवसभर चालल्याचा. त्या वेळी स्क्रीन कधीपासून बंद होती. अहवाल तांत्रिकदृष्ट्या बनावट असण्याचीही गरज नव्हती. प्लेअरच्या नोंदीत फाइल चालल्याचं येतं. समोरचा पडदा चालू होता की बंद, हे त्या नोंदीला कळत नाही. पडद्याची स्थिती वेगळी तपासणारी व्यवस्था असेल तरच तसा अहवाल विश्वासाचा. त्या गृहस्थांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. आमच्यासारखेच तेही लुटले गेले, फक्त दुसऱ्या दारातून. जाहिरात देणारे कुणी हे वाचत असाल, तर ज्या इमारतीचं नाव सांगितलं जातं तिथे स्वतः, न कळवता जाऊन उभे राहा.

विक्रेता गेल्यावर किमान आपल्या सूचना तरी स्क्रीनवर दाखवू, असं वाटलं. तेही जमेना. मजकूर बदलायचं सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या खात्यावर, लायसन्स त्याच्या नावाने, ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडे. लायसन्सचं नूतनीकरण थांबलं आणि पडद्यावर नुसती चूक दाखवणारी पाटी राहिली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पहिली दिसायची ती तीच. शेवटी बॉक्स काढून पेन ड्राइव्ह लावला.

आमची हकिगत ऐकून एका परिचितांनी त्यांची सांगितली. त्यांच्या लॉबीत मोठी एलईडी भिंत बसवली होती, पी २.५ची, म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर २.५ मिलिमीटर. प्रत्यक्षात पी ४ बसवून दिली. लांबून फरक कळत नाही, जवळ गेलं की चित्र फुटतं. याची तपासणी साध्या पट्टीने होते. १० सेंटिमीटरमध्ये एका ओळीत ४० दिवे मोजता आले तर पी २.५, आणि २५च आले तर पी ४. हा मोजमापाचा मुद्दा ऑर्डरमध्येच लिहून घ्या. त्यांना “फोर के भिंत” असंही सांगितलं होतं. फोर केसाठी आडवे ३,८४० दिवे लागतात, पी २.५ला त्याची रुंदी ९.६ मीटर होते. ३ मीटरच्या भिंतीत १,२०० दिवे मावतात. प्रोसेसर फोर के सिग्नल स्वीकारतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

सध्या आमचा वाद फायनान्स कंपनीशी चालू आहे. पोलिसांत विक्रेत्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. वकिलांच्या सल्ल्यानुसार हप्ते “हरकत राखून” असं प्रत्येक वेळी लेखी कळवून भरतो आहोत, कारण अचानक थांबवले तर सगळी रक्कम एकदम मागण्याचं कलम लागू होईल. आमची बाजू मुख्यतः एकाच मुद्द्यावर उभी आहे: फायनान्स कंपनीचे फॉर्म विक्रेत्याच्याच हातात होते, भरलेही त्यानेच, आणि स्वीकृतिपत्रावरची तारीख स्क्रीन बसवण्याच्या आधीची आहे. ती तारीख सिद्ध करता आली ती भिंतीला भोकं पाडायला आलेल्या कारागिरांची गेटवरच्या रजिस्टरात नोंद होती म्हणून. गेटचं रजिस्टर कधी उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं!

तुमच्याकडे असा करार आधीच झालेला असेल आणि परतावा अजून वेळेवर येत असेल, तरी आजच फाइल काढा. पैसे कुणाला द्यायचे आणि आश्वासन कुणी दिलं आहे, ही दोन नावं वेगळी असतील तर फायनान्स कंपनीकडून उपकरणांच्या मूळ बिलाची प्रत लेखी मागा आणि मुदत संपण्याआधी नोटीस देण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. सही अजून व्हायची असेल, तर विक्रेत्याने परतावा थांबवला की भाडेकरारही संपेल, असं कलम फायनान्स कंपनीच्या सहीने मागा. देणार नाहीत. तिथेच व्यवहार सोडून द्या.

आणि रागाच्या भरात स्क्रीन विकू किंवा भंगारात देऊ नका. त्या फायनान्स कंपनीच्या मालकीच्या आहेत, गहाळ झाल्या तर त्यांचीही भरपाई तुमच्याकडून मागितली जाईल. सिरियल नंबरचे फोटो काढा, मॉडेल नंबरच्या स्टिकरचे काढा, आणि त्या कुलपात ठेवा.