एअर कुशन आणि टिल्ट खुर्ची: कुशन झकास, व्हॉल्व्ह डोकेदुखी

खुर्चीवरचं, सकाळी हवा भरलेलं कुशन दुपारपर्यंत पुन्हा सपाट, आणि बैठकीच्या हाडावर लाल चट्टा. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: व्हॉल्व्ह उघडा राहिला, वापरातला दोष, वॉरंटीत बसत नाही. म्हणून काही महिन्यांच्या वापरानंतर हे लिहितोय. बसणारी व्यक्ती डिमेन्शियाची (स्मृती आणि समज ढासळण्याचा आजार), आधाराशिवाय उभं राहता येत नाही, हात मात्र सतत चालू.

तिथेच तर घोडं पेंड खातं. व्हॉल्व्ह पुढच्या कोपऱ्यात, मांडीलगत, बरोबर हात पोचतो तिथे. डिमेन्शियात हाताला चाळा लागतो. बटण, दोरी, चेन, सापडेल ते पिळायचं, आणि इथे तर पिळायलाच केलेला नॉब हाताशी. स्वतःची हवा स्वतः कमी-जास्त करणाऱ्या व्हीलचेअरवाल्याला ही जागा सोयीची, पण इथे हवा गेली तर बसलेला माणूस ते सांगू शकत नाही. बाहेरून कव्हर फुगलेलंच दिसतं, आत हाड तळाला टेकलेलं. माणूस चुळबुळतो, ओरडतो, उठायला बघतो, आणि सगळे म्हणतात आज चिडचिड जास्त आहे. अशी चिडचिड दिसली की आधी कुशन तपासा.

डोळ्यांनी नाही, हाताने. हवा थोडी जास्तच भरा, माणसाला नेहमीसारखं बसवा, पाय फूटरेस्टवर. कुशन आणि अंग यांच्यात हात सरकवा, मांडी किंचित उचलून सगळ्यात खाली आलेलं हाड शोधा, मग मांडी सोडा. हात तिथेच ठेवून हवा सोडत जा. हाड आणि कुशनचा तळ यांत दीड ते अडीच सेंटीमीटर उरले की व्हॉल्व्ह बंद. हे रोज, बसवताना.

सर्व्हिसशी वाद घालण्याआधी व्हॉल्व्ह घट्ट बंद करून, कव्हर काढून कुशन पाण्यात दाबून धरा. बुडबुडे आले तर गळती, आणि ती त्यांना फोटोसकट दाखवा. नाही आले तर हवा हातानेच सुटतेय. कुशनमधले हवेचे सगळे फुगे एकाच उंचीचे असतील तर कुशन फिरवून व्हॉल्व्ह मागे घेता येतो, फक्त नळी पाठीखाली दुमडत नाही ना ते बघा. पुढे-मागे आकार वेगळा असेल तर फिरवू नका. हाताला जाड शिवणीचा कापडाचा तुकडा दिला तर व्हॉल्व्हवरचं लक्ष थोडं कमी होतं.

सुरुवातीला या कुशनला पाचपैकी दोनच गुण दिले असते. बसवलं की डुगडुग, माणूस घाबरून खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचा. हवा जास्त होती. बरोबर मापाला आणल्यावर अंग आत बसतं आणि डोलणं थांबतं. आता कुशनला चार, व्हॉल्व्हला शून्य.

दहा सेंटीमीटरचं कुशन टाकलं की बैठक तेवढी वर जाते, हे कोणी सांगत नाही. खुर्चीचे हात टेकायला फार खाली राहतात, पाय लोंबकळतात. लोंबकळते पाय माणसाला पुढे ओढतात, आणि घसरत बसलं की माकडहाडावरची कातडी ताणली जाते. फूटरेस्ट वर घ्या. बैठक खोल असेल तरी हेच होतं. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची फट हवीच. थोडक्यात, लाल चट्टा बैठकीच्या हाडावर असेल तर हवा तपासा, माकडहाडावर असेल तर घसरण. बोटाने दाबून सोडल्यावर लाली फिकी झाली नाही तर तो बेडसोरच (दाबाने होणारी जखम) सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून गरम किंवा कडक लागतंय का ते हाताने बघा.

खुर्चीचा टिल्ट छान आहे. नुसती पाठ मागे पाडली तर माणूस घसरतो. टिल्टमध्ये बैठक आणि पाठ एकत्र मागे जातात, म्हणून आधी टिल्ट, मग पाठ. ३०° च्या आसपास गेल्याशिवाय वजन फारसं पाठीकडे सरकत नाही. समोर उभं राहून, सांगून, सावकाश करा, नाहीतर पडतोय असं वाटून आरडाओरडा. स्वतः उठता येणाऱ्याला मात्र टिल्टमध्ये अडकवून ठेवू नका, ती कैद झाली.

कव्हरवर टॉवेल, घडीची चादर, जाड पॅड घातलंत तर फुग्यांचा उपयोग संपला. गोल भोकाची रिंग तर मुळीच नको, ती कडेने रक्त अडवते. कव्हर ताणणारं हवं, चकचकीत काळं नको. ते खड्ड्यासारखं किंवा ओलं दिसतं आणि माणूस बसायला नाही म्हणतो. कडक ब्लीचने कव्हरचा वरचा थर तडकू शकतो, सौम्य साबण पुरतो.

कुशन कितीही चांगलं असलं तरी दोन तासांवर सलग बसवू नका, जखम असेल तर तासाच्या आत उठवा.

रोज हात घालून तपासणं जमणार नसेल तर हे घेऊ नका. दाट फोमचं घ्या. ते निकामी होतं ते हळूहळू, नॉब पिळून मिनिटात नाही. मूठ दाबून तळ लागला किंवा सोडल्यावर खड्डा राहिला की बदला.