सापळा आणि अपसंपदा: कोर्टात नेमकं काय शाबीत करावं लागतं?

सापळा म्हणजे लाच घेताना सरकारी नोकराला रंगेहाथ पकडणं. अशा खटल्यात सगळा भार मागणीवर असतो. नोटांना लावलेली अँथ्रासिन पावडर साहेबांच्या बोटांवर अतिनील दिव्याखाली चमकली, पंचनामा झाला, तरी लाच मागितल्याचं शाबीत झालं नाही तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 7, म्हणजे लाच घेतल्याचा आरोप, टिकत नाही. नुसती रक्कम सापडून भागत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही ठरले, की त्याच कायद्यातल्या कलम 20 चं गृहीतक आरोपीविरुद्ध उभं राहतं: रक्कम लाच म्हणूनच घेतली असं कोर्ट धरून चालतं, उलट आरोपीने दाखवायचं.

तक्रारदारच फितूर झाला किंवा वारला तर? डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की इतर साक्षीदार आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध होऊ शकते. हे फार गरजेचं होतं. तक्रारदारावर दबाव येतोच.

अपसंपदेत, म्हणजे ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता असल्याच्या खटल्यात, मागणीचा प्रश्नच नाही. तिथे हिशेब चालतो: ठरावीक काळातलं ज्ञात उत्पन्न, खर्च, मालमत्ता. तफावत सरकार पक्षाने दाखवायची, समाधानकारक खुलासा आरोपीने द्यायचा. आकड्यांवरच निकाल फिरतो. जयललिता प्रकरणात 2015 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जादा संपत्ती उत्पन्नाच्या 8.12 टक्केच धरून आरोपींना सोडलं. 2017 मध्ये, जयललितांच्या निधनानंतर, सर्वोच्च न्यायालयाने तो हिशेब नाकारून खालच्या न्यायालयाने सहआरोपींना दिलेली शिक्षा पुन्हा कायम केली.