‘आतली बातमी’ विकत घेतली आणि नऊ हंगामांची टीम गमावली

फँटसी प्रीमियर लीग (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे फुटबॉलपटू निवडून संघ बनवायचा आणि त्यांच्या खेळावरून गुण मिळवायचे, असा ऑनलाइन खेळ) खेळणारे आणि मिनी-लीगमध्ये, म्हणजे ओळखीच्यांच्या आपापसातल्या स्पर्धेत, थोडक्यात मागे पडलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मागे पडलेला माणूसच या सापळ्यात अडकतो. मीही तसाच अडकलो.

नऊ हंगाम मी एकाच अकाउंटवरून खेळलो. जुन्या मित्रांची मिनी-लीग आहे आणि तिथे मी कायम दुसरा-तिसरा. गेल्या हंगामात अर्धे गेमवीक (सामन्यांच्या फेऱ्या) संपले तेव्हा पहिल्या नंबरपासून फार लांब नव्हतो. अशात एका मेसेजिंग अ‍ॅपवर एका चॅनेलवाल्याचा मेसेज आला. क्लबच्या आत ओळख आहे, अकरा जणांचा संघ डेडलाइनआधी कळतो, पहिले तीन आठवडे मोफत, पटलं तरच पैसे द्या.

हे खेळत नसलेल्याला यात एवढं काय, असं वाटेल. या खेळात डेडलाइन, म्हणजे आपली टीम बदलायची शेवटची वेळ, त्या फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी असते आणि क्लब आपले संघ त्यानंतर जाहीर करतात. म्हणजे आपण दर आठवड्याला अंधारातच कर्णधार निवडतो. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात. तोच बाकावर बसला तर आठवडा हातातून जातो. अंधारात ज्याला दिसतं, त्याचं पारडं जड होणारच. शिवाय आतल्या बातम्या खरोखर फुटतात हे मला ठाऊक होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लेस्टरविरुद्धच्या सामन्याआधी अ‍ॅस्टन व्हिला या क्लबच्याच काही लोकांनी आपापल्या फँटसी टीममधून आपलाच खेळाडू जॅक ग्रीलिश याला काढलं होतं. त्यावरून त्याच्या दुखापतीचा अंदाज बाहेर सगळ्यांना आला, आणि तो खरंच खेळला नाही. त्यामुळे ‘असं कसं शक्य आहे?’ हा प्रश्न मला पडलाच नाही.

पहिल्या आठवड्यात मेसेज आला, अमुक स्ट्रायकर पहिल्या अकरात आहे, कर्णधार करा. बरोबर निघालं. दुसऱ्या आठवड्यात एकाला विश्रांती मिळणार म्हणाला, तेही बरोबर. तिसरंही. चौथ्या आठवड्याची वाट न बघता मी पूर्ण हंगामाची वर्गणी भरली. रक्कम लहान नव्हती.

ही युक्ती काय होती, ते मला फार उशिरा कळलं. आमच्याच लीगमधला एक मित्र सहज म्हणाला, “अरे, मीपण तो फुकटवाला घेतला होता, पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो, सोडून दिला.” मी म्हटलं, मेसेज दाखव. तोच दिवस, तीच वेळ, तीच वाक्यरचना, तोच स्ट्रायकर. फक्त माझ्याकडे ‘खेळणार, कर्णधार करा’ आणि त्याच्याकडे ‘बाकावर, आत्ताच विका’.

समजा आठशे जणांना फुकट मेसेज गेले. चारशेंना ‘खेळणार’ सांगायचं, चारशेंना ‘नाही खेळणार’. जे चुकले त्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्या चारशेंचे पुन्हा दोन भाग करायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर शंभर जण असे उरतात की ज्यांच्या डोळ्यांसमोर तीनपैकी तीन खरे ठरले. त्या शंभरांत मी होतो. सांगणाऱ्याला फुटबॉलमधलं काही कळायची गरजच नव्हती.

पैसे भरल्यावर अंदाज भराभर चुकू लागले. पण चॅनेल उघडून मागे पाहिलं तर सगळं बरोबरच दिसायचं. त्या अ‍ॅपवर अ‍ॅडमिनने पोस्ट पुसली की तिची खूणही उरत नाही. मला वाटायचं, आपलीच आठवण दगा देतेय.

मग आला पुढचा टप्पा, आणि माझं खरं नुकसान तिथे झालं. “खेळाडूंच्या किमती रात्रीत बदलतात, तुम्ही झोपलेले असता, आमचं सॉफ्टवेअर किंमत वाढायच्या आधी ट्रान्सफर करतं. लॉगिन द्या.” ट्रान्सफर म्हणजे टीममधला एक खेळाडू विकून दुसरा घेणं, आणि खेळातल्या या किमती रात्रीत बदलतात हे खरं आहे. पण त्या ०.१ च्या पायरीने बदलतात, आणि विकताना वाढीतला निम्माच वाटा आपल्याला मिळतो. ७.० ला घेतलेला खेळाडू ७.२ झाला तर विकून ७.१ हातात येतात. एवढ्यासाठी मी पासवर्ड दिला. तोच पासवर्ड माझ्या मेलला होता. हे लिहितानाही त्रास होतो.

दोन दिवसांत अकाउंटवरचा मेल-पत्ता बदलला. माझं वाइल्डकार्ड (गुण न कापता हवे तेवढे खेळाडू बदलायची संधी) वापरलं गेलं. पुढच्या आठवड्यात भराभर ट्रान्सफर झाले, जादाच्या प्रत्येकाला चार गुणांची कपात. मेल मी कसाबसा परत मिळवला, खेळाचं अकाउंट नाही. टीमचं नाव बदललं, मॅनेजरचंही.

चॅनेलवाल्याने माझं अकाउंट का घेतलं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग त्याच मित्राने त्या चॅनेलवरचा एक स्क्रीनशॉट पाठवला. ‘हा बघा माझा नऊ हंगामांचा रेकॉर्ड.’ चांगले-चांगले रँक ओळीने लावलेले आणि मधोमध एक अगदी तळाचा. तो तळाचा रँक मी कुठेही ओळखेन. त्या हंगामात आई आजारी होती, अर्धा हंगाम मी टीमला हातही लावला नव्हता. माझी वर्षं दाखवून तो नवी गिऱ्हाइकं गोळा करत होता.

म्हणून रेकॉर्डचं पान दाखवलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका. साधा स्क्रीनशॉट तर ब्राउझरमध्ये आकडे बदलून कोणीही बनवू शकतो. सल्ला विकणाऱ्याकडे त्याचा टीम आयडी, म्हणजे खेळातला त्याच्या टीमचा क्रमांक, मागा. डेडलाइन उलटली की कोणाचीही टीम कोणालाही दिसते. त्याने तुम्हाला सांगितलेला कर्णधार त्याने स्वतः ठेवला होता का, हे चार-पाच आठवडे तपासा. मी आयडी मागितला होता. उत्तर आलं, “आयडी दिला की लोक टीम कॉपी करतात.” पण डेडलाइनआधी दुसऱ्याची निवड दिसतच नाही, मग कॉपी करणार कशी? नऊ हंगाम खेळलेल्या माणसाला हे तिथल्या तिथे सुचायला हवं होतं.

आणि ज्याला खरोखर फायदा म्हणता येईल ते सगळं उघड्यावर पडलेलं असतं. सामन्याआधी प्रशिक्षक पत्रकारांशी बोलतात, दुखापतींबद्दल सांगतात. पेनल्टी कोण घेतो, कोणाला ६० व्या मिनिटाआधी बाहेर काढतात, आठवड्यात मधे युरोपातल्या स्पर्धेचा सामना आहे का, हे बघायला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. ते करूनच मी इतकी वर्षं दुसरा-तिसरा येत होतो.

खेळाच्या मदत विभागाला मी जुन्या मेल-पत्त्याच्या पुराव्यासह लिहिलं आहे. सध्या नव्या अकाउंटवरून खेळतोय, त्याचं इतिहासाचं पान कोरं आहे. मला आलेले तीन मेसेज आणि मित्राला आलेला एक, तारीख-वेळेसकट, जपून ठेवले आहेत. तुमच्याकडे ‘तीन आठवडे मोफत’ असं काही आलं असेल तर पैसे भरण्याआधी मला विचारा, ताडून बघू.