जांबोटी रस्त्यावरचा एक गोठा आणि त्यातले सोबती

बेळगावहून जांबोटीकडे जाताना, खानापूर तालुक्याच्या हद्दीत, एका शेतकरी कुटुंबाने आपल्या लहानशा शेतात पाहुण्यांसाठी एका दिवसाची सोय सुरू केली आहे. एका वेळी थोडेच लोक घेता येतात, तेव्हा नाव लिहू नका, अशी त्यांनी विनंती केली. म्हणून ते येथे देत नाही. शेत, विहीर, काजूची झाडे हे सारे आपल्या भागात कुठेही पाहायला मिळते. मी मुलांना घेऊन गेलो तो तिथल्या जनावरांबद्दल ऐकले होते म्हणून, आणि त्या बाबतीत मला पूर्ण समाधान मिळाले.

गोठ्यात एक म्हातारा खिलार बैल आहे. २०२२ साली लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा त्याचा जोडीदार गेला आणि याने वैरणीला तोंड लावणेच सोडले. गाय-बैल ही कळपाची जनावरे. एकटे पडल्यावर त्यांच्यावर खरोखरच ताण येतो, हृदयाचे ठोकेसुद्धा वाढतात. पावसात जागा नव्हती म्हणून करडू गेलेली एक शेळी त्याच्या शेजारी बांधली गेली, आणि काही दिवसांनी तो पुन्हा खाऊ लागला. "आम्ही काय शिकवलं नाही हो, त्यांचं त्यांनीच जमवल्यानी," असे घरच्या काकू सांगत होत्या. मी पाहिले तेव्हा ती शेळी पुढचे दोन्ही पाय गव्हाणीत टाकून पेंढ्यातली मक्याची हिरवी पाने वेचत होती आणि बैल, ज्याला एरवी आपल्या गव्हाणीत दुसऱ्याचे तोंड खपत नाही, तो मान बाजूला करून तिचे आटपण्याची वाट पाहत उभा होता.

परंतु मला अधिक वेळ थांबवून ठेवले ते एका गावरान कोंबडीने. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तेव्हा तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली होती. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत. म्हणजे हा जीव नेहमीपेक्षा आठवडाभर अधिक बसून राहिला. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत समोर जी हलती आकृती दिसेल तिला बदकाचे पिल्लू आई मानते. ऑस्ट्रियाच्या कॉनराड लॉरेंझ यांनी हंसाच्या पिल्लांवर हेच दाखवून दिले होते, आणि प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पिल्लांचे हे असे; कोंबडीचे काय, याचे उत्तर मला विहिरीजवळच्या टाक्यापाशी मिळाले. पिल्ले एकामागून एक पाण्यात उतरली तशी ती पिसे फुलवून काठाने धावू लागली, एक पाय पाण्यात घालून मागे घेतला, पुन्हा घातला, आणि हाका काही थांबवल्या नाहीत. तिची ही घालमेल पाहून घरच्यांनी टाक्याच्या एका बाजूला दगड रचून उथळ पायरी केली आहे, जेणेकरून पिल्ले हाकेसरशी बाहेर येऊ शकतील. पाहुण्यांसाठी केलेल्या कोणत्याही सोयीपेक्षा मला ही पायरी मोलाची वाटली.

शेळ्यांबरोबर वाढलेला एक कुत्राही तिथे आहे. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना ज्यांच्या सहवासात राहते त्यांना ते आपले समजते, हे धनगर पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. मात्र माहिती देणाऱ्या मुलाने म्हशींमागचे गायबगळेही याच 'मैत्री'त बसवले, ते मला पटले नाही. म्हशीच्या खुरांनी गवतातून उडणारे किडे बगळ्याला आयते मिळतात. तो व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणूनही तो पाहण्याजोगा आहे.

एक तक्रार मात्र मनापासून नोंदवायची आहे. दुपारी आलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाने फोटोसाठी आग्रह धरला आणि शेळीला सोडून अंगणात नेण्यात आले. तेवढा वेळ बैल दाव्याला हिसके देत हंबरत होता. मुले बदकाची पिल्लेही हातात उचलत होती आणि त्यांना कोणी अडवत नव्हते. हे सोबतीपण पाहायला माणसे येतात, तर तेच तोडून दाखवणे योग्य नाही. काकूंशी बोललो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि गोठ्यापुढे बांबूचे आडवे लावण्याचे कबूल केले. ते झाल्यास माझे अर्धे म्हणणे मिटेल.

जेवण उत्तम आहे: तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ नसल्यास वाटाण्याची, आणि सोलकढी. स्वच्छतागृह एकच आहे, पण नीटनेटके. शक्यतो रविवार टाळावा, स्वतःचे वाहन न्यावे आणि संध्याकाळी शेळ्या परतेपर्यंत थांबावे, कारण कुत्रा सर्वांत मागे कसा चालतो ते तेव्हाच दिसते. जनावरांसाठी बिस्किटे नेऊ नयेत. काही न्यावेसे वाटलेच तर घरच्यांसाठी बेळगावचा कुंदा न्यावा.