गोचिडी मोजून पैसे घेणारा दारात आला तर

घरात म्हातारी माणसं आणि एक कुत्रा एवढंच असेल तर हे वाचाच, कारण हे लोक नेमकी तीच घरं शोधतात. आमचं गाव गुहागर तालुक्यात. शिमगा झाला, ऊन वाढलं की गोचिडी वाढतात हे त्यांनाही माहीत असतं.

काकी एकटी होती. बाइकवरून एक जण आला, गळ्यात आयकार्ड, खांद्याला बॅग, बोलणं असं की वाटावं सरकारी दवाखान्यातूनच पाठवलाय. काळूचा कान उलटा करून म्हणाला, काकी हा आठवडा काढत नाही. रेट दहा रुपये, वर दोन वर्षांची गॅरंटी. काकीला वाटलं अख्ख्या कुत्र्याचे दहा, चहासुद्धा पाजला त्याला.

मग बाटलीतलं पांढरट पाणी अंगभर चोळलं, जडीबुटी आहे म्हणाला, आणि मूठ फिरवायची, ताटलीत झाडायची, मोठ्याने मोजायचं असं सुरू केलं. 234 झाल्या. तेव्हा कळलं की दहा रुपये एका गोचिडीचे! म्हणजे 2,340. काकी भांडली तर आवाज चढवला, "तुमच्यासमोर मोजल्यात ना?", शेवटी 2,000 घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईहून पोचलो तर ताटली पडवीतच होती. सगळ्या गोचिडी चपट्या, वाळलेल्या. अहो, ताजी काढलेली गोचीड पाय हलवत राहते, रक्त प्यायलेली असेल तर वाटाण्यासारखी टम्म असते. आणि काळूच्या कानात, बोटांच्या बेचक्यात होत्या त्या तशाच चिकटलेल्या. मूठ मुळात रिकामी नव्हतीच, बॅगेतूनच भरून आणलेली.

पैसे गेले ते गेले, पण काळू रात्रीपासून लाळ गाळत होता, उठवला तर झोकांड्या खायचा. तसाच गाडीत घालून चिपळूणला नेला. डॉक्टरांनी अंगाचा वास घेतला आणि म्हणाले अमिट्राझ आहे, गोचिडी मारायचं औषध. ते 12.5 टक्क्यांचं येतं, पाण्यात भरपूर पातळ करून लावायचं असतं, जास्त झालं की कुत्रा सुस्त पडतो, ठोके मंद होतात, अंग गार पडतं. साबणाने धुतला, सलाइन लावलं, वाचला. मांजराला तर हे चालतच नाही आणि काकीची मनी त्याला चिकटून झोपते, त्या रात्री ती माळ्यावर होती म्हणून बरं. रक्त तपासलं त्यात एर्लिकिया नावाचा आजार निघाला, तो गोचिडीमुळेच होतो, त्याच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे.

गॅरंटीचं विचारलं तर डॉक्टर हसले. पाठीवर टाकायचे थेंब साधारण महिनाभर चालतात, गोळ्या काही महिन्याच्या, काही 12 आठवड्यांच्या, कुठलंही चोळायचं औषध दोन वर्षं टिकत नाही. शिवाय कुत्र्यावरच्या गोचिडी हा थोडाच भाग, गोचिडीची पिल्लं रक्त पिऊन खाली उतरतात, कात टाकतात, परत चढतात, आणि मादी खाली उतरून फटीत हजारो अंडी घालते. आमचं घर चिऱ्याचं, गिलावा नाही, म्हणजे भिंतभर फटीच फटी. आता गोळी चालू आहे आणि काका रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन चिऱ्याचे सांधे तपासत बसतात, सिमेंट पण आणलंय.

तर असा कोणी आला तर औषधाचं सीलबंद खोकं, त्यावरचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी बघायला मागा, "घरगुती आहे" म्हणाला की फाटकातूनच घालवा. पैसे कशाचे, एका कुत्र्याचे की एका गोचिडीचे, ते आधीच चार माणसांसमोर बोलून घ्या. आधीच कोणी काही लावून गेला असेल आणि कुत्रा लाळ गाळत असेल तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या, बाटली राहिली असेल तर ती पण सोबत न्या.

दापोलीकडे मावशीच्या वाडीतही असाच एक जण फिरतोय म्हणे, तिथे रेट पंधरा रुपये आहे.